मध्यम किमतीची बाबागाडी : खरेदीपूर्वी तुलना कशाची करावी

बाबागाडी घ्यायची ठरली की बहुतेक घरांत तुलना सुरू होते ती विक्रीच्या संकेतस्थळांवरील वैशिष्ट्यांच्या यादीपासून, आणि ज्या गाडीची यादी लांब ती गाडी सरस, असा एक न बोललेला हिशेब त्या तुलनेमागे असतो. साधारण सहा ते पंधरा हजार रुपयांच्या दरम्यान मिळणाऱ्या, म्हणजे भारतीय बाजारात मध्यम किमतीच्या मानल्या जाणाऱ्या गाड्यांना हा हिशेब लावता येत नाही. या किंमतपट्ट्यात उत्पादकाला खर्चाची मर्यादा कडकपणे पाळावी लागते. कपधारक, खेळण्यांचा दांडा, पायांवरचे पांघरूण, दोन्ही दिशांना वळणारे हँडल अशी एकेक सोय वाढवताना तिचा खर्च दुसऱ्या कशातून तरी वळता करावा लागतो, आणि चाके, सांधे व ब्रेक हे भाग छायाचित्रात नीट दिसत नसल्याने काटकसरीचा पहिला मोह तिथेच होतो. महागड्या गाड्यांत हे भाग बहुधा चांगले असतात आणि अगदी स्वस्त गाड्यांत त्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. त्यामुळे गाडीगाडीतला खरा फरक सर्वांत अधिक जाणवतो तो या मधल्या पट्ट्यातच.

बाबागाडी या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. तान्ह्या बाळाला आडवे झोपवून न्यायची, खोलगट सपाट पेटी असलेली गाडी म्हणजे प्रॅम, आणि बसू लागलेल्या मुलासाठी आसन व टेकण असलेली, घडी होणारी गाडी म्हणजे स्ट्रोलर. मध्यम किमतीत मिळणाऱ्या गाड्या जवळपास सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या असतात, मात्र टेकण मागे कलते करून त्या पहिल्या प्रकाराचेही काम करतील, असे विक्रेते सांगतात. लव्हलॅप, आर फॉर रॅबिट, मी मी, पुण्यात मुख्यालय असलेल्या फर्स्टक्रायचे बेबीहग ही नावे या पट्ट्यात नेहमी भेटतात, शिवाय चिको, ग्रॅको अशा परदेशी कंपन्यांची काही हलकी मॉडेलेही त्यात येतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जितका फरक असतो, तितका पुष्कळदा दोन कंपन्यांच्या समान किमतीच्या मॉडेलांत नसतो. म्हणून तुलना नावांची न करता रचनेची करणे अधिक उपयोगाचे ठरते.

जिन्यापासून सुरुवात

भारतीय शहरांतील बाबागाडी ढकलावी लागते तितकीच, किंबहुना काही घरांत त्याहून अधिक, उचलावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे सांगितले आहे. परंतु प्रत्यक्षात पदपथावरून निघालेली गाडी फेरीवाल्यांपाशी, उभ्या दुचाकींपाशी किंवा चेंबरच्या वर आलेल्या झाकणापाशी अडते, रस्त्यावर उतरवली जाते आणि पुन्हा वर चढवली जाते. पुण्यातील जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करण्यात आले तेव्हा तेथे बाबागाड्या दिसू लागल्या. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी बाळाच्या घरापासूनची वाट कशी आहे, हा प्रश्न त्या एका रस्त्याने सुटत नाही.

यासाठी गाडीची एकही जाहिरात पाहण्यापूर्वी पालकांनी चार मापे कागदावर लिहून ठेवावीत. इमारतीला उद्वाहन असल्यास त्याच्या दाराची मोकळी रुंदी आणि आतली खोली, नसल्यास पायऱ्यांची संख्या. मोटारीच्या डिकीची लांबी-रुंदी, आणि मोटार सीएनजीवर चालणारी असल्यास टाकी बसवल्यानंतर उरलेली जागा. घरात घडी केलेली गाडी ज्या कोपऱ्यात उभी राहणार त्या कोपऱ्याचे माप. आणि आठवड्यात गाडी किती वेळा बाहेर पडेल याचा प्रामाणिक अंदाज. जुन्या इमारतींतील उद्वाहने इतकी अरुंद असतात की उघडी गाडी त्यांत बाळासह शिरत नाही, आणि मग बाळ एका हातात व घडी केलेली गाडी दुसऱ्या हातात असा प्रसंग रोज येतो.

वजनाचा हिशेब येथे उघडपणे मांडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यांनुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो व मुलीचे ८.९ किलो असते. गाडी ७ किलोची, मूल ९ किलोचे आणि दुपटी, दुधाची बाटली, कपडे यांची पिशवी २ किलोची धरली, तर दुसऱ्या मजल्यावर चढवायचे एकूण ओझे १८ किलो होते, आणि हे ओझे बहुतेक वेळा एकाच माणसाच्या, बहुधा आईच्या, अंगावर पडते. गाडीच्या वजनातला दीड-दोन किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी जिन्यात तो तसा राहत नाही. मात्र हलकेपणालाही एक मर्यादा आहे. पाच किलोंच्या खालच्या गाड्यांत नळ्या बारीक आणि चाके लहान असतात, त्यामुळे ज्यांच्या घरी उद्वाहन आहे आणि ज्यांच्या गृहसंकुलात फिरायला सलग मोकळा रस्ता आहे, त्यांनी केवळ हलकी म्हणून अशी गाडी निवडण्याचे कारण नाही.

घडी आणि सांधे

घडी होणाऱ्या हलक्या गाडीची कल्पना तशी जुनी नाही. विमानरचनेचे अभियंता ओवेन मॅक्लारेन यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, सुमारे २.७ किलो वजनाची गाडी १९६५ मध्ये तयार केली. विमानाच्या चाकांची आत ओढली जाणारी यंत्रणा त्यांच्या नित्याच्या कामातली असल्यामुळे नळ्या कशा मिटवाव्यात, हे त्यांना ठाऊक होते. आजच्या छत्री-घडीच्या गाड्या त्याच पद्धतीने चालतात : मिटल्यावर त्या लांबट, बारीक होतात आणि दाराआड किंवा रिक्षाच्या आसनामागे मावतात. दुसरी पुस्तक-घडी, तिच्यात गाडीचे दोन भाग एकमेकांवर मिटतात. ती रुंद राहते, परंतु सांगाडा अधिक ताठ असतो. तिसरी तीन-पदरी घडी, तिच्यात गाडी लांबी व उंची दोन्ही बाजूंनी आवळून एका पेटीएवढी होते. आर फॉर रॅबिटची पॉकेट मालिका या प्रकारातली आहे.

तीन-पदरी गाड्यांवर 'केबिन साइझ' असे ठळकपणे छापलेले असते आणि विमानप्रवास करणारी कुटुंबे त्यावर विसंबतात. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे हातसामानाविषयीचे मार्गदर्शक माप ५६ × ४५ × २५ सेंटीमीटर आहे, म्हणजे तिन्ही बाजू मिळून १२६ सेंटीमीटर. परंतु इंडिगोसारख्या कंपनीची मर्यादा तिन्ही बाजू मिळून ११५ सेंटीमीटर व वजन ७ किलो अशी राहिली आहे. त्यामुळे एका मापात बसणारी गाडी दुसऱ्या मापात बसेलच असे नाही. बाळाची गाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देऊन तेथे सामानात घेण्याची पद्धत अनेक कंपन्यांत असल्याने या एका वैशिष्ट्यासाठी दोन-तीन हजार रुपये अधिक मोजण्यापूर्वी ज्या कंपनीने प्रवास होणार तिचा नियम वाचून घ्यावा.

घडीची जी चित्रफीत विक्रेता दाखवतो, तिच्यात गाडी एका हाताने, एका झटक्यात मिटते. मात्र तो हात सरावलेला असतो आणि टोपली रिकामी असते. तुलना करताना घडी मिटवण्याच्या वेगापेक्षा उघडल्यावर ती पक्की बसते का, याकडे अधिक लक्ष द्यावे. चांगल्या गाडीत दुहेरी अटकाव असतो, म्हणजे मुख्य खिळी चुकून सुटली तरी दुसरी खिळी गाडीला मिटू देत नाही. उघडलेल्या गाडीचे हँडल पकडून ते वर-खाली व डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिले असता सांध्यांतला सैलपणा हाताला लगेच कळतो; नव्या गाडीतच तो असेल, तर सहा महिन्यांनी तो वाढलेला असेल.

सांध्यांचा दुसरा धोका बोटांचा. ९ नोव्हेंबर २००९ रोजी अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे दहा लाख छत्री-घडीच्या गाड्यांबाबत परत-सूचना काढण्यात आली, कारण गाडी उघडताना बिजागरीच्या सांध्यात मुलाचे बोट सापडून त्याचे टोक तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. त्यावरचा उपाय म्हणून कंपनीने सांधे झाकणारी कापडी आवरणे मोफत दिली. एवढ्या नावाजलेल्या रचनेत जे घडले ते कोणत्याही रचनेत घडू शकते, म्हणून मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवरील प्रत्येक कात्रीसारखा सांधा झाकलेला आहे का, हे दुकानात बोट फिरवून पाहावे आणि घरी गाडी उघडताना-मिटवताना मूल हातभर अंतरावर ठेवावे.

चाके

चाकांकडे खरेदीदाराचे सर्वांत कमी लक्ष जाते आणि वापरताना सर्वांत अधिक तक्रार त्यांचीच होते, म्हणून या भागावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे. मध्यम किमतीच्या गाड्यांची पुढची चाके साधारणपणे १२ ते १८ सेंटीमीटर व्यासाची असतात, आणि या पाच-सहा सेंटीमीटरच्या फरकाने गाडीचा स्वभाव बदलतो. चाक एखाद्या कडेवर चढताना लागणारे बळ चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते : समजा पेव्हर ब्लॉकची कड ३ सेंटीमीटर वर आली आहे, तर केवळ आडवे ढकलून ती ओलांडण्यासाठी १२ सेंटीमीटरच्या चाकाला जेवढे बळ लागते त्याच्या तुलनेत १८ सेंटीमीटरच्या चाकाला एक तृतीयांशाहून अधिक कमी बळ पुरते. लहान चाकाच्या गाडीत हे बळ न लावता आल्याने पालक हँडल खाली दाबून पुढचा भाग उचलतात, आणि दिवसातून पन्नास वेळा हँडल दाबले की मागचा आडवा दांडा व त्याचे सांधे कुरकुरू लागतात.

चाकाच्या आकाराइतकेच त्याचे द्रव्य महत्त्वाचे आहे. सर्वांत स्वस्त चाके कडक प्लास्टिकची असतात. ती फरशीवर खडखडतात आणि प्रत्येक हादरा जसाच्या तसा बाळापर्यंत पोहोचवतात. त्यावरची पायरी ईव्हीएची, म्हणजे ज्या फेसाळ पदार्थाच्या चपला सर्वत्र मिळतात त्याच पदार्थाची. ही चाके हलकी व मऊ असतात, परंतु खडीवर त्यांना खाचा पडतात आणि झिजही लवकर होते. पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, अधिक टिकाऊ असते, आणि या किंमतपट्ट्यात शक्य असल्यास तेच निवडावे. हवेची चाके मोठ्या, तीनचाकी, धावण्यासाठी बनवलेल्या गाड्यांत असतात; ती सर्वांत सुखद, परंतु पंक्चरचा ताप मागे लावणारी असतात. मिरामार किंवा जुहूच्या वाळूत यांपैकी कोणतेच लहान चाक चालत नाही, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरचे छायाचित्र पाहून गाडीची पारख करू नये.

पुढची चाके स्वतःभोवती फिरणारी असतात आणि त्यांना सरळ रेषेत अडकवण्यासाठी एक खटका दिलेला असतो. खडबडीत रस्त्यावर हा खटका लावला नाही, तर चाके थरथरतात व आडवी होऊन रुततात. म्हणून तो सहज, शक्यतो पायाने लावता येतो का, हे पाहावे. 'सर्व चाकांना सस्पेन्शन' असे जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असा होतो, परंतु पुष्कळ मॉडेलांत ही स्प्रिंग इतकी ताठ असते की रिकाम्या गाडीत ती हलतच नाही. चाकावर गाडी जोराने दाबली असता स्प्रिंग दबून पुन्हा वर येते का, एवढे पाहिले की यादीतला तो शब्द खरा की खोटा, हे कळते. चाक आसापासून एका कळीने निघत असेल तर उत्तम, कारण आसात गुंतलेले केस व धागे वेळोवेळी काढावे लागतात, आणि पावसाळ्यात चाक चिखलाने भरले की ते नळाखाली धरून धुता येते.

आसन, पट्टे आणि ब्रेक

'जन्मापासून तीन वर्षांपर्यंत' हे शब्द जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेले असतात, आणि त्यांतला पहिला भाग तपासल्याशिवाय स्वीकारू नये. तान्हे बाळ मान धरायला साधारण चौथ्या महिन्यात शिकते आणि आधाराशिवाय बसायला सरासरी सहाव्या महिन्याच्या आसपास. त्याआधी अर्धवट बसते ठेवले तर त्याची मान पुढे पडून हनुवटी छातीला लागते व श्वासमार्ग अरुंद होतो. म्हणूनच ईएन १८८८ हे बाबागाड्यांविषयीचे युरोपीय मानक असे धरते की आसन आणि टेकण यांमधील कोन १५० अंशांपेक्षा कमी असलेली गाडी सहा महिन्यांखालील बाळासाठी योग्य नाही. मध्यम किमतीच्या अनेक गाड्यांत टेकण पूर्ण मागे नेल्यावरही ते आडवे झाल्यासारखे केवळ वाटते. दुकानात मोबाइल फोनमधील कोनमापकाने हा कोन मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. टेकण पाठीला आधार देणारे असावे, झोळीसारखे खाली लोंबणारे नसावे, हे मोजमापाइतकेच महत्त्वाचे होय.

टेकण कलते करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत मागे पट्टा व चिमटा असतो. त्याने टेकण हव्या त्या कोनात थांबवता येते, पण झोपलेल्या मुलासह ते पुन्हा वर ओढताना दोन्ही हात लागतात. दुसरीत ठरावीक तीन-चार टप्पे असतात आणि कळ दाबून टप्पा बदलतो; ही पद्धत हाताला सोपी, परंतु टप्पा बदलताना बाळ दचकून उठते. झोप हलकी असलेल्या बाळांच्या पालकांनी पहिली पद्धत पसंत करणे बरे.

बाळाला तोंड आपल्याकडे करून नेता यावे, यासाठी या किंमतपट्ट्यात सहसा आसन न उलटता हँडलच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळवण्याची सोय दिलेली असते. लव्हलॅपच्या सनशाइनसारख्या लोकप्रिय मॉडेलात हीच रचना आहे. मात्र हँडल वळवले की फिरणारी चाके मागे आणि स्थिर चाके पुढे येतात, गाडी वळायला जड होते, आणि ब्रेक पालकाच्या पायापासून दूर जातो. पहिले सहा महिने ही सोय मोलाची वाटते आणि त्यानंतर मूल बाहेरचे जग पाहू लागले की तिचा वापर जवळपास थांबतो, म्हणून तिच्यासाठी मजबुतीत तडजोड करणे शहाणपणाचे नाही.

पट्ट्यांच्या बाबतीत तडजोडीला जागाच नाही. पाच बिंदूंचा पट्टा, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येऊन एका बक्कलात जुळणारा पट्टा, हाच घ्यावा. केवळ कमरेचा पट्टा असलेल्या गाडीतून मूल उभे राहू शकते किंवा खाली घसरू शकते. खांद्याच्या पट्ट्यांची उंची बदलता येते का, बक्कल मोठ्या माणसाच्या एका हाताने उघडते आणि मुलाच्या बोटांनी उघडत नाही का, हे करून पाहावे. उन्हात धातूचे बक्कल तापते, तेव्हा प्लास्टिकचे किंवा कापडाने झाकलेले बक्कल बरे.

ब्रेक दोन प्रकारचे असतात : प्रत्येक मागच्या चाकाला वेगळे पायदान, किंवा एका पायदानाने दोन्ही चाके अडवणारा जोडब्रेक. दुसरा प्रकार अधिक सुरक्षित, कारण घाईत एकच चाक अडवले गेले तर गाडी त्या चाकाभोवती फिरते. वाहनतळाच्या उतारावर वजन ठेवून ब्रेक लावावा व गाडी किंचित ओढून पाहावी. चाक फिरले नाही तरी ब्रेकचा दात आणि चाकाची खाच यांत बोटभर ढिलाई असेल तर ती पुढे वाढते. पायदान वर उचलून ब्रेक सोडावा लागत असेल, तर चपला घालणाऱ्या आपल्या समाजात पायाच्या बोटांना ते रोज टोचते, ही बाब परदेशी रचनाकारांच्या लक्षात सहसा येत नाही.

ब्रेकइतकाच दुर्लक्षित धोका मागे कलंडण्याचा. गाडीचा मागचा आस टेकू धरला, तर हँडलला अडकवलेली पिशवी तरफेसारखी काम करते. उदाहरणादाखल ७ किलोची गाडी घ्यावी, जिचा गुरुत्वमध्य आसाच्या २५ सेंटीमीटर पुढे आणि हँडल आसाच्या ३५ सेंटीमीटर मागे आहे. अशा गाडीतून मूल उचलताच हँडलवरची अवघी ५ किलोंची भाजीची पिशवी गाडीला उलटण्याच्या उंबरठ्यावर आणते. त्यामुळे आसनाखालच्या टोपलीची खोली आणि तिची भारक्षमता यांची तुलना करावी, आणि टेकण पूर्ण मागे नेलेले असताना टोपलीत हात जातो का, हे पाहावे. हँडलला लावायच्या आकड्यांचा संच मोफत मिळत असेल तर तो घरीच राहू द्यावा.

ऊन, पाऊस आणि बाकीचे

छत जितके पुढे येते तितके चांगले, आणि त्याच्या मागच्या बाजूस हवा खेळण्यासाठी जाळी असणे विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात छताइतकेच आवश्यक आहे. गाडीवर दुपटे किंवा ओढणी टाकून ऊन अडवण्याची सवय सार्वत्रिक आहे, परंतु त्याने आतली हवा कोंडते आणि तापमान वाढते. सावली छताने करावी, कापडाने गाडी बंद करू नये. काळ्या व गडद करड्या रंगाचे कापड मळ लपवते, पण उन्हात तापते. आसनाचे कापड निघते का आणि धुता येते का, हा प्रश्न विचारल्यावर विक्रेता 'पुसून घ्या' असे म्हणाला, तर कापड निघत नाही असे समजावे. खिमट आणि दूध सांडणाऱ्या वयात हा दोष लहान नाही. पावसाचे पारदर्शक आवरण सोबत मिळाल्यास त्याला हवेची छिद्रे आहेत का, ते पाहावे. मच्छरदाणी मात्र हवीच, आणि ती स्वतंत्रपणेही स्वस्तात मिळते.

कपधारक, खेळण्यांचा दांडा, जेवणाचा ट्रे यांवर शब्द खर्च करण्याची गरज नाही. अनेक घरांत बाबागाडी शेवटी जेवण भरवण्याची खुर्ची होऊन बसते, हे खरे आहे; पण ते काम तिच्यापेक्षा पुष्कळ कमी किमतीची वस्तू करते.

लेबल, दुकान आणि हिशेब

खोक्यावर 'युरोपीय मानकानुसार' एवढेच लिहिलेले असेल, तर ते पुरेसे नाही. ईएन १८८८ चे दोन भाग आहेत : पहिला १५ किलोंपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आणि दुसरा १५ ते २२ किलोंच्या मुलांसाठी. अमेरिकेत एएसटीएम एफ ८३३ हे मानक वापरले जाते. कोणता भाग, कोणते वर्ष, हे गाडीच्या सांगाड्यावरील चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असावे. तीन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १४ किलोंच्या आसपास असल्याने १५ किलोंची मर्यादा बहुतेक मुलांना तोवर पुरते. अंगाने थोराड असलेल्या मुलाला ती आधीच अपुरी पडेल. भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, परंतु गाडीसोबतच्या खेळण्यावर ते दिसले म्हणून गाडीची मजबुती तपासली गेली असे मानणे चूक ठरेल. कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, आयातदाराचे नाव-पत्ता आणि मूळ देश हे तपशील वेष्टनावर असणे वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार आवश्यक आहे. उत्पादनाची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली, तर ती सवलत मागण्याचे चांगले कारण होते.

दुकानात जाताना सोबत प्रत्येकी ५ किलोंच्या तांदळाच्या दोन पिशव्या नेल्या, तर तुलनेला खरा अर्थ येतो. रिकामी गाडी कोणतीही असली तरी गुळगुळीत फरशीवर छान चालते. पिशव्या आसनात पट्ट्याने बांधाव्यात, गाडी एका हाताने दहा पावले ढकलावी आणि ती एका बाजूस ओढली जाते का ते पाहावे. मग दुकानाच्या बाहेरची एक पायरी चढवावी-उतरवावी, टेकण खाली-वर करावे, आणि शेवटी पिशव्या काढून एका हातात एक पिशवी धरूनच गाडी मिटवून पाहावी. घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या माणसाने हे करून पाहावे, कारण हँडलची उंची बदलत नसेल, तर उंच माणसाचे पाय मागच्या दांड्याला लागतात. गाडी ढकलण्याचे काम आजीकडे किंवा सांभाळणाऱ्या बाईंकडे जाणार असेल, तर घडीचा खटका त्यांच्या बोटांना झेपतो का, याला सर्वाधिक महत्त्व द्यावे.

हे सारे ध्यानात घेतल्यावर निवड घराघरानुसार वेगळी होते. गिरगाव-दादरमधील उद्वाहन नसलेल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या आणि लोकलने प्रवास करणाऱ्या कुटुंबाने सहा किलोंच्या आतली, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली छत्री-घडीची किंवा तीन-पदरी गाडी घ्यावी, आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत खरेदी लांबवावी. तोवर कडेवर किंवा अंगाला बांधायच्या झोळीत भागते. वाकड-बाणेर किंवा घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलात, जेथे संध्याकाळचे फिरणे आवारातच होते, तेथे आठ-नऊ किलोंची, मोठ्या चाकांची, पूर्ण आडवी होणारी पुस्तक-घडीची गाडी अधिक सुखाची ठरते. आठवड्याच्या शेवटी मोटारीने बाहेर पडणाऱ्यांना डिकीच्या मापापलीकडे फारसे काही पाहावे लागत नाही. त्यांना मोटारीतील बालआसन गाडीवर बसणारा जोडसंच सुचवला जातो, परंतु चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांनी सुरक्षित बसवणे कायद्यानेच बंधनकारक असल्याने बालआसनाची निवड स्वतंत्रपणे, त्याच्या गुणांवर करावी. त्यात झोपी गेलेल्या तान्ह्या बाळाला पोहोचल्याबरोबर सपाट जागी निजवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

किंमत ठरवताना वापराच्या संख्येने भागून पाहावे. नऊ हजारांची गाडी दोन वर्षे आठवड्यातून तीनदा वापरली, तर एका फेरीला सुमारे तीस रुपये पडतात. तीच महिन्यातून दोनदा निघाली, तर जवळपास एकशे नव्वद रुपये. दुसऱ्या प्रकारच्या घराने नात्यातल्या कोणाची वापरलेली गाडी मागून घेणे बरे. अशी गाडी घेताना नळ्यांच्या जोडावर गंज किंवा केसाएवढी भेग, विटलेला पट्टा आणि न अडणारा ब्रेक यांपैकी काही आढळले, तर ती नात्यातली असली तरी नाकारावी.

नव्या गाडीच्या हमीपत्रात चाके व कापड पुष्कळदा वगळलेली असतात. सुटे चाक विकत मिळते का आणि कोणत्या शहरात मिळते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ऑनलाइन घेतलेली गाडी घरी आल्यावर खोके फाडताना चित्रफीत काढून ठेवावी आणि परतीची मुदत संपण्याआधी तांदळाच्या पिशव्यांची तीच परीक्षा रस्त्यावर घ्यावी, कारण या गाड्या घरी जोडाव्या लागतात आणि चाक पूर्ण बसल्याचा खट् असा आवाज आला नसेल, तर ते चालताना निघते. सदोष गाडी बदलून मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी पावती, हमीपत्र आणि सांगाड्यावरील चिकटपट्टीचे छायाचित्र खरेदीच्या दिवशीच एकत्र ठेवावे.